जॅक जॉन्सनचा नाताळ

१९०८ सालचा नाताळ शुक्रवारी आला आणि त्याला जोडून येणारी २६ डिसेंबरची सुटी शनिवारी. ऑस्ट्रेलियात हे दिवस ऐन उन्हाळ्याचे. त्या शनिवारी मात्र सिडनीतली माणसं पहाटेपासून रशकटर्स बेच्या दिशेनं निघाली होती. तिथं खाडीकाठच्या सखल जमिनीवर लाकडी फळ्यांचं, वर छप्पर नसलेलं एक प्रचंड स्टेडियम उभं होतं. आत वीस हजारांच्या आसपास लोक मावले. बाहेर राहिले ते त्याहून जास्त. ज्यांना तिकीट मिळालं नाही ते झाडांवर चढून बसले.

त्या दिवशी हेवीवेट मुष्टियुद्धाच्या विश्वविजेतेपदासाठी लढत होती. विजेता टॉमी बर्न्स, आव्हानवीर जॅक जॉन्सन. बर्न्स गोरा, जॉन्सन काळा, आणि या किताबासाठी काळ्या माणसाला रिंगणात उतरू देण्याची ही जगातली पहिली वेळ. सट्टेवाल्यांचा कल बर्न्सकडे होता. जॉन्सन त्याच्याहून जवळपास अर्ध्या फुटानं उंच आणि दहा-अकरा किलोंनी भारी होता, तरीही.

जॉन्सनचं स्वप्न जिंकण्याचं होतं असं म्हणणं अपुरं ठरेल. आपण जिंकू शकतो याबद्दल त्याला कधी शंका असल्याचं दिसत नाही. त्याची खरी लढाई रिंगणात पाय ठेवण्याची होती. तीत त्याची उमेदीची वर्षं खर्ची पडली, आणि तिथं कोणतेही ठोसे उपयोगाचे नव्हते.

त्याचा जन्म ३१ मार्च १८७८ चा, टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन या बंदराच्या गावातला. आईवडील दोघंही गुलामगिरीत जन्मलेले. याच गॅल्व्हेस्टनमध्ये १९ जून १८६५ रोजी टेक्सासमधल्या गुलामांच्या मुक्ततेचा हुकूम जाहीर झाला होता, म्हणजे जॉन्सनच्या जन्माआधी जेमतेम तेरा वर्षं. वडील हेन्री पायानं अधू होते आणि शाळेत झाडलोटीचं काम करत. पोराची शाळा लवकर सुटली आणि तो गोदीवर हमाली करू लागला. मुष्टियुद्धाशी त्याची ओळख झाली ती त्या काळच्या एका ओंगळ करमणुकीतून. काळ्या पोरांचा घोळका रिंगणात सोडायचा, कधी डोळ्यांवर पट्ट्या बांधून, आणि शेवटी एक उभा राहीपर्यंत एकमेकांना बडवायला लावायचं. भोवतीचे गोरे प्रेक्षक चिल्लर फेकायचे. उभा राहिलेल्या पोरानं ती वेचून घ्यायची. जॉन्सन या खेळात उतरला आणि टिकला.

सप्टेंबर १९०० मध्ये गॅल्व्हेस्टनवर भयंकर चक्रीवादळ आलं. हजारो माणसं मेली आणि जॉन्सन कुटुंबाचं घर गेलं. पुढच्या फेब्रुवारीत त्याच गावात त्याची लढत ठरली जो कोयन्स्की या मुरलेल्या ज्यू मुष्टियोद्ध्याशी. कोयन्स्कीचं वय उतरणीला लागलेलं, वजनही बेताचं, पण तिसऱ्या फेरीत त्यानं जॉन्सनला असा ठोसा हाणला की तो आडवाच झाला. टेक्सासमध्ये तेव्हा पैसे लावून होणाऱ्या लढतींना बंदी होती. पोलिसांनी दोघांनाही उचललं आणि एकाच तुरुंगात टाकलं. तिथं ते तीन आठवड्यांहून अधिक काळ होते, आणि त्या दिवसांत कोयन्स्कीनं हरलेल्या पोराला शिकवायला घेतलं. तुरुंगाचे अधिकारी आणि गावकरी त्यांचा सराव पाहायला जमत. ठोसा कसा मारावा यापेक्षा तो कसा चुकवावा, वाटेतच कसा पकडावा, हे या तरुणाला उपजतच जमतं आहे हे कोयन्स्कीनं ओळखलं. जॉन्सनची पुढची सगळी कारकीर्द या बचावावर उभी आहे. मागे रेलून तो समोरच्याचे ठोसे उघड्या पंजांनी हवेतच झेलायचा, त्याला मिठीत घेऊन दमवायचा आणि मग खालून वर हनुवटीकडे जाणारा ठोसा काढायचा. जिम कॉर्बेट हा गोरा विजेता असाच बुद्धीनं खेळे, तेव्हा त्याला शास्त्रशुद्ध म्हणत. जॉन्सनला आळशी आणि भित्रा ठरवलं गेलं.

किताबाकडे जाणारी वाट कशी बंद केली होती, ते नीट समजून घ्यायला हवं, कारण ती कोणत्याही कायद्यानं बंद झालेली नव्हती. १८९२ मध्ये तेव्हाचा विजेता जॉन एल. सुलिव्हन यानं जाहीर केलं होतं की, कुणाशीही लढेन, पण काळ्याशी नाही. यालाच पुढे रंगरेषा म्हणू लागले. कमी वजनी गटांत ती तितकी कडक नव्हती. जॉर्ज डिक्सन, जो वॉलकॉट, जो गॅन्स हे काळे मुष्टियोद्धे तिथं विजेते झाले होते. हेवीवेट विजेता म्हणजे मात्र जगातला सर्वांत बलवान पुरुष, अशी लोकांची समजूत होती. तो गोराच असायला हवा होता. म्हणून काळ्याला हरवण्याच्या फंदात कुणी पडलंच नाही. त्याला पंगतीला बसू दिलं नाही, एवढंच.

या वागणुकीचा पहिला मोठा बळी पीटर जॅक्सन. कॅरिबियन बेटावर जन्मलेला आणि सिडनीत घडलेला हा देखणा, सभ्य मुष्टियोद्धा. १८९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तो कॉर्बेटशी ६१ फेऱ्या लढला आणि लढत अनिर्णित राहिली. पुढच्या वर्षी कॉर्बेट सुलिव्हनला हरवून विश्वविजेता झाला. जॅक्सनच्या वाट्याला किताबाची लढत कधीच आली नाही. १९०१ मध्ये क्षयानं तो गेला आणि ब्रिस्बेनच्या तूवाँग दफनभूमीत त्याला पुरलं. जॉन्सन १९०७ मध्ये ऑस्ट्रेलियाला पहिल्यांदा आला. जॅक्सनची गोष्ट त्याला पूर्ण ठाऊक होती.

जॉन्सन स्वतः १९०३ पासून ‘काळ्यांचा हेवीवेट विजेता’ होता. असा एक वेगळा किताब त्या काळी चालू होता. त्याला तो पुरेसा वाटला नाही. त्याआधीच, १९०२ मध्ये, त्यानं लॉस एंजेलिसला विश्वविजेता जिम जेफ्रीज याच्या धाकट्या भावाला पाचव्या फेरीत झोपवलं होतं. जेफ्रीजनं दाद दिली नाही. १९०५ मध्ये तो अपराजित निवृत्त झाला आणि किताब मोकळा पडला. त्याच वर्षी मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पंचांनी एका वादग्रस्त निर्णयात मार्विन हार्टला जॉन्सनविरुद्ध विजयी घोषित केलं. पुढे जुलैत रिकाम्या किताबासाठी लढत झाली तेव्हा रिंगणात हार्ट होता. हार्टला १९०६ मध्ये टॉमी बर्न्सनं हरवलं.

बर्न्सबद्दल मला तिरस्कार वाटत नाही. त्याचं खरं नाव नोआ ब्रुसो. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात एका गरीब जर्मनवंशीय घरात, तेरा भावंडांत वाढलेला. उंची पाच फूट सात इंच. इतका बुटका हेवीवेट विजेता दुसरा झालेला नाही. एका अर्थी तोही कमी बळाचाच माणूस, पण हिंडता आणि हिशेबी. किताब घेऊन तो लंडन, डब्लिन, पॅरिस करत निघाला. डब्लिनला जेम रोशला तर त्यानं दीड मिनिटाच्या आतच संपवलं. आणि त्याच्या मागोमाग जॉन्सन. १९०८ च्या वसंतात तो इंग्लंडला पोचला, गोऱ्यांच्या क्लबांत खेटे घातले, वर्तमानपत्रांतून आव्हानं दिली. बर्न्स नाही म्हणत नव्हता. त्यानं फक्त किंमत सांगितली होती: ३०,००० डॉलर, म्हणजे ६,००० पौंड, जिंको वा हरो. एका लढतीसाठी एवढी हमी तेव्हा कुणी ऐकलेली नव्हती. ती कुणी देणार नाही असं धरलं, तर नकाराचा शब्द न उच्चारता लढत टळत होती.

ती देणारा निघाला सिडनीत. ह्यू मॅकिंटॉश लहानपणी ब्रोकन हिलच्या खाणीत राबलेला आणि पुढे खेळांच्या मैदानांवर मटण भरलेल्या भाजक्या ‘पाय’ विकून पैसा केलेला. १९०८ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकन नौदलाच्या सोळा युद्धनौका सिडनीला येणार होत्या. सगळ्या पांढऱ्या रंगात रंगवलेल्या, म्हणून लोक त्यांना ‘श्वेत आरमार’ म्हणत. हजारो खलाशी किनाऱ्यावर उतरतील, त्यांना तमाशा हवाच, या हिशेबानं मॅकिंटॉशनं रशकटर्स बेला ते स्टेडियम उभारलं आणि २४ ऑगस्टला तिथं बर्न्सची बिल स्क्वायर्स या ऑस्ट्रेलियन मुष्टियोद्ध्याशी लढत लावली. धंदा जोरात झाला. स्टेडियम तयार, विजेता देशात हजर. त्याच्या लक्षात आलं की, लोक सर्वांत जास्त पैसे ज्यासाठी मोजतील ती लढत एकच आहे. त्यानं बर्न्सला ६,००० पौंड कबूल केले आणि जॉन्सनला बोलावून घेतलं.

जॉन्सनला मिळणार होते १,००० पौंड. त्यानं ते मान्य केलं. पंचाच्या नावावर दोन्ही बाजूंचं एकमत होईना, शेवटी मॅकिंटॉश स्वतःच पंच झाला. लढत भरवणारा, पैसे देणारा आणि निकाल देणारा एकच माणूस! जॉन्सननं तेही मान्य केलं. एरवी पैशाच्या बाबतीत तो कुणाला दबणारा नव्हता. पण इथं अडवून धरलं तर दार परत लागेल हे त्याला कळत होतं.

देशाची हवाही ध्यानात घ्यायला हवी. १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियाचं संघराज्य झालं आणि त्याच वर्षी गोरे सोडून इतरांना देशात येण्यापासून रोखणारा कायदा झाला. लढतीच्या आधीचे आठवडे वर्तमानपत्रांत जॉन्सनची व्यंगचित्रं येत, त्यांत तो माणूस म्हणून दिसतच नसे. बर्न्सनं तयारीसाठी ब्लू माउंटन्सच्या थंड हवेतलं मेडलो बाथचं हायड्रो मॅजेस्टिक हॉटेल निवडलं. जॉन्सन बॉटनीच्या सर जोसेफ बँक्स हॉटेलवर उतरला होता.

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास दोघं रिंगणात आले. आभाळ भरून आलेलं. जॉन्सनला शिव्या आणि हुर्रेवडी, बर्न्सला टाळ्यांचा कडकडाट. सुरुवातीलाच एक खटका उडाला. बर्न्सनं दोन्ही कोपरांवर पट्ट्या गुंडाळल्या होत्या. त्या काढल्याशिवाय लढणार नाही, असं जॉन्सननं सांगितलं. पंच मॅकिंटॉशला त्यात वावगं दिसेना, प्रेक्षक ओरडू लागले, पण जॉन्सन आपल्या कोपऱ्यातून हलेना. मानधन, पंच, सगळं त्यानं सोडून दिलं होतं. रिंगणाच्या आत मात्र तो तसूभर सोडायला तयार नव्हता. शेवटी बर्न्सनं पट्ट्या उलगडल्या आणि लोकांनी त्याच्या दिलदारपणाबद्दल आणखी टाळ्या वाजवल्या.

घंटा झाली. पहिल्या काही सेकंदांतच जॉन्सनचा उजवा ठोसा खालून आला आणि बर्न्स पाठीवर पडला. तो आठ आकडे मोजेपर्यंत उठला, पण पाहणाऱ्यांना कळायचं ते कळलं. दुसऱ्या फेरीत तो पुन्हा खाली गेला. वीस फेऱ्यांची लढत ठरली होती, आणि दोन फेऱ्यांतच ती एकतर्फी झाली होती.

त्यानंतर जे झालं ते पचवणं त्या गर्दीला सर्वांत अवघड गेलं असणार. जॉन्सन बोलू लागला. बर्न्सशी बोलला, त्याच्या कोपऱ्यातल्या माणसांशी बोलला, दोरांपलीकडून शिव्या देणाऱ्यांना उत्तरं देऊ लागला. बर्न्स त्याच्या वर्णावरून घाण बोलत होता. जॉन्सन त्याला लाडानं टॉमी म्हणून हाक मारत होता. पोटाकडे बोट दाखवून इथं मार म्हणायचा, बर्न्सनं मारलं की हसायचा. दातांना सोनं मढवलेलं, त्यामुळे ते हसू लांबूनही दिसे. मध्येच हात खाली सोडून उभा राहायचा. बर्न्स झेपावला की त्याचे दंड वरच्या वर पकडून त्याला धरून ठेवायचा आणि त्याच्या डोक्यावरून प्रेक्षकांकडे पाहायचा.

हे क्रौर्य होतं का? होतं. जॉन्सनच्या मनात असतं तर लढत फार आधी संपली असती, असं मानणारे बरेच आहेत, आणि मलाही तसंच वाटतं. लढतीचं चित्रीकरण चालू होतं. लांबलेली लढत चित्रफितीला फायद्याची होती, हे एक कारण सांगतात. पण चिल्लर वेचत वाढलेला, तीन खंडांवर एका माणसाच्या मागे फिरलेला माणूस त्या दिवशी घाईत नव्हता, हे कारण मला जास्त खरं वाटतं. आणि बर्न्सलाही त्याचं श्रेय द्यायला हवं. सुजलेले डोळे आणि रक्तानं माखलेलं तोंड घेऊन तो प्रत्येक घंटेला बाहेर आला. तेराव्या फेरीनंतर पोलिसांनी थांबवायचं म्हटलं तेव्हा त्यानंच पुढे चालू ठेवा म्हणून विनवलं.

चौदाव्या फेरीत तो पुन्हा पडला, आठव्या आकड्याला उठला, आणि जॉन्सन पुढे सरसावला तेवढ्यात पोलीस अधिकाऱ्यानं लढत थांबवली. कॅमेरेही पोलिसांनी बंद करायला लावले. काळ्यानं गोऱ्याला लोळवलेला तो शेवटचा क्षण चित्रफितीत नाही. मॅकिंटॉशनं जॉन्सनकडे हात केला. जॉन्सन तेव्हा तीस वर्षांचा होता.

जल्लोष झाला नाही. हजारोंची गर्दी मुकाट पांगली.

त्या गर्दीत कादंबरीकार जॅक लंडन होता. आपल्या गलबतातून जगप्रदक्षिणेला निघालेला हा माणूस आजारपणामुळे सिडनीत अडकला होता, आणि ‘न्यूयॉर्क हेराल्ड’साठी त्यानं लढतीचं वार्तांकन केलं. जॉन्सन प्रत्येक बाबतीत वरचढ होता, हे त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं. आणि शेवटी, आपण गोरे म्हणून आपलं मन बर्न्सबरोबर होतं असं सांगून, निवृत्त जेफ्रीजनं शेत सोडून परत यावं आणि जॉन्सनच्या चेहऱ्यावरचं ते हसू पुसून टाकावं, असं आवाहन केलं. दीनदुबळ्यांच्या बाजूनं इतकं लिहिणाऱ्या लेखकाच्या हातून हे उतरलं, याचं वाईट वाटतं.

जेफ्रीज आला. ४ जुलै १९१० ला रिनो इथं, पंधराव्या फेरीत, तोही हरला. त्या रात्री अमेरिकेतल्या अनेक शहरांत दंगली झाल्या आणि माणसं मेली, त्यात बहुतेक काळी. दोन वर्षांनी लढतींच्या चित्रफिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर संसदेनं बंदी घातली. गोऱ्या स्त्रियांशी उघड संसार करणारा, भारी मोटारी उडवणारा जॉन्सन सरकारच्या डोळ्यांवर आलाच होता. १९१३ मध्ये सगळे गोरे असलेल्या ज्युरीनं त्याला मॅन कायद्याखाली, म्हणजे ‘अनैतिक हेतूनं’ स्त्रियांना एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्याविरुद्धच्या कायद्याखाली, दोषी ठरवलं. तो देश सोडून पळाला, १९१५ मध्ये हवानात जेस विलार्डकडून २६ व्या फेरीत हरला आणि १९२० मध्ये परत येऊन तुरुंगात गेला. त्या शिक्षेबद्दल त्याला माफी मिळाली ती २०१८ मध्ये, मृत्यूनंतर ७२ वर्षांनी.

१९१५ नंतर पुढच्या काळ्या हेवीवेट विजेत्यासाठी १९३७ साल उजाडावं लागलं. तो जो लुई. त्याच्या व्यवस्थापकांनी, जे स्वतःही काळे होते, त्याला घालून दिलेले नियम प्रसिद्ध आहेत: गोऱ्या बाईबरोबर फोटो काढायचा नाही, पडलेल्या प्रतिस्पर्ध्यापुढे मिरवायचं नाही. सिडनीत जे जे घडलं होतं, त्याच्या नेमकं उलट.

या गोष्टीतला एक भाग जॉन्सनच्या चाहत्यांना आवडत नाही, पण तो सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही. सॅम लँगफर्ड नावाचा एक काळा मुष्टियोद्धा होता. बर्न्ससारखाच कॅनडाचा आणि जवळपास त्याच्याच उंचीचा, पण बर्न्सहून कितीतरी श्रेष्ठ. १९०६ मध्ये जॉन्सननं त्याला पंधरा फेऱ्यांत गुणांवर हरवलं होतं. लँगफर्ड तेव्हा अजून पुरता भरलेला नव्हता. किताब हाती आल्यावर जॉन्सननं त्याला पुन्हा संधी दिली नाही. जो जेनेट आणि सॅम मॅकव्ही या काळ्या मुष्टियोद्ध्यांनाही नाही. विश्वविजेता असताना तो एकाच काळ्या माणसाशी किताबासाठी लढला, डिसेंबर १९१३ मध्ये पॅरिसला, बॅटलिंग जिम जॉन्सनशी. काळ्याविरुद्ध काळा ही लढत पाहायला गोरे पैसे देत नाहीत, हा त्याचा हिशेब होता. हिशेब चुकीचा नसेल. पण पीटर जॅक्सनची गोष्ट ठाऊक असलेल्या माणसानं तो करावा, हे मला आजही बोचतं.

लँगफर्ड पुढे आंधळा झाला. डोळे अधू असतानाही तो पोटासाठी कित्येक वर्षं लढत राहिला होता. १९४४ मध्ये ‘न्यूयॉर्क हेराल्ड ट्रिब्यून’चा बातमीदार अल लेनी त्याला शोधत हार्लेममध्ये हिंडला, लँगफर्ड मेला असं लोक सांगत होते. तो एका अंधाऱ्या भाड्याच्या खोलीत जिवंत सापडला, कफल्लक. लेनीनं लिहिलं, वाचकांनी वर्गणी काढली, निधी उभा राहिला. त्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या खोलीवर भेटवस्तू पोचल्या. त्यात एक गिटार होती, जिनची बाटली होती आणि नाताळच्या जेवणापुरते पैसेही. निधीच्या व्याजावर लँगफर्ड त्यानंतर अकरा वर्षं जगला.